थंडीच्या मुलखात काँक्रीट: पुण्याची सवय घरी ठेवून जा

गेल्या महिन्यात आमच्या पुतण्याचा रात्री साडेनऊला फोन. पोरगा सिव्हिल करून कारगिलच्या पुढं एका साइटवर ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलाय. म्हणे, "काका, उद्या सकाळी सहाला पायाचं फुटिंग धरलंय, सकाळी गार असतं म्हणजे काँक्रीट चांगलं होईल ना?" मी ताटावरनं उठलो आणि पाऊण तास बोललो. त्याची चूक नाही, एप्रिलमधे आपण वाकड-बाणेरला पहाटे पाचला स्लॅब सुरू करतो, उन्हाच्या आत उरकतो, हेच तो शिकला. लेह-कारगिलला बरोबर उलटं आहे. आणि पुण्यातनं दरवर्षी इतकी मुलं लडाख, काश्मीर, हिमाचलच्या कामांवर जातात, रस्ते, पूल, बोगदे, बराकी, की हे एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं. मी स्वतः लेहच्या बाजूला दोन सीझन काढलेत, मे ते ऑक्टोबर, त्यामुळं जे लिहितोय ते हातानं केलेलं आहे.

आधी एकच गोष्ट डोक्यात घट्ट बसवा, बाकी सगळं तिच्यातनं निघतं. पुण्यात आपण काँक्रीटचं वय दिवसांत मोजतो, सात दिवस झाले, चौदा दिवस झाले, अठ्ठावीसचा क्यूब (ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा). हे चालतं कारण इथं ऊब फुकट मिळते, मोजायची गरजच पडत नाही. थंडीत दिवस मोजून काही कळत नाही, तिथं काँक्रीटला किती ऊब किती तास मिळाली ते मोजायचं.

याचा सोपा हिशोब आहे, त्याला मॅच्युरिटी म्हणतात. काँक्रीटच्या तापमानात १० मिळवा, त्याला तासांनी गुणा, झालं. (उणे १० अंशाला सिमेंटचं काम जवळजवळ थांबतं असं धरलंय म्हणून १०.) आता बघा, पुण्यात काँक्रीट सरासरी २७ अंशाला सात दिवस राहिलं तर ३७ गुणिले १६८, म्हणजे सहा हजार दोनशेच्या वर. तेच काँक्रीट ५ अंशाला सात दिवस राहिलं तर १५ गुणिले १६८, अडीच हजार. म्हणजे कॅलेंडरवर सात दिवसांचा असलेला तो स्लॅब पुण्याच्या भाषेत तीन दिवसांचा पण नाही. ठेकेदार सात बोटं दाखवून प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) काढायला निघतो तेव्हा हा आकडा त्याच्यासमोर मांडायचा.

गोठल्यावर नेमकं काय होतं

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलोय. ताज्या काँक्रीटमधे पाणी अजून मोकळं असतं, ते गोठलं की पेस्ट आणि खडीची पकड सुटते, आणि नंतर ऊन पडून बर्फ वितळला तरी ती पकड परत येत नाही. निम्म्यापर्यंत ताकद कायमची जाऊ शकते. म्हणून नियम असा की काँक्रीटला पहिल्यांदा गोठायच्या आधी निदान ३.५ एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं माप) ताकद आलीच पाहिजे. तोवर बरंचसं पाणी सिमेंटनं पिऊन टाकलेलं असतं, मग एकदा गोठलं तरी निभावतं. चांगल्या मिक्सला १० अंशाला ठेवलं तर एवढी ताकद साधारण ४८ तासांत येते. त्या पहिल्या दोन रात्री म्हणजे बाळंतिणीच्या खोलीसारख्या जपायच्या. मात्र भिजलेल्या अवस्थेत परत परत गोठणं-वितळणं होणार असेल, उदाहरणार्थ पुलाचा पाण्यातला पिअर किंवा उघडा डेक, तर ३.५ पुरत नाही, २४ एमपीएच्या आसपास जावं लागतं.

गोठलेलं काँक्रीट कसं दिसतं हे मी पहिल्या सीझनच्या शेवटी पाहिलं. ऑक्टोबर होता, एका छोट्या पेडेस्टलवर (कॉलमखालचा ठेंगणा खांब) संध्याकाळी मुकादमानं नुसती ताडपत्री टाकली, ती रात्री वाऱ्यानं उडाली. सकाळी शटर (काँक्रीटचा साचा) खोललं तर पृष्ठभागावर नेच्याच्या पानासारखी, पिसासारखी नक्षी उमटलेली, बघायला इतकी सुंदर की हेल्पर पोरं फोटो काढायला लागली. ती बर्फाच्या स्फटिकांची छाप होती. मी नखानं कोपरा खरवडला आणि नखाखाली ओल्या रांगोळीसारखी भुकटी आली, आतली खडी बोटानं निघत होती. ते पेडेस्टल तोडलं. आणि एक सांगतो, अशा वेळी सकाळच्या थंडीत रिबाउंड हॅमर (ठोकून ताकदीचा अंदाज देणारं यंत्र) लावू नका, गोठलेलं काँक्रीट बर्फामुळं टणक असतं, हॅमर मस्त आकडा दाखवतो आणि माणूस फसतो.

निघायच्या आधी, पुण्यातच करायची तयारी

पहिलं म्हणजे कागद. आयएस (भारतीय मानक) ७८६१ भाग २ हा १९८१ चा कोड थंडीतल्या काँक्रीटसाठीच आहे (भाग १ कडक उन्हाळ्यासाठी, तो आपल्याकडं कामाला येतो). हवा ५ अंशाच्या खाली जाणार असेल तर ते थंडीतलं काँक्रीट धरायचं. आयएस ४५६:२००० मधला टिकाऊपणाचा भाग पण नीट वाचा. ओलं असताना क्वचित गोठणार असेल तर ते सिव्हिअर एक्स्पोजर, म्हणजे निदान एम३० (अठ्ठावीस दिवसांत ३० एमपीए ताकदीचं काँक्रीट), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत, सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ४५ मिमी. ओलं असताना कडक गोठणार असेल तर व्हेरी सिव्हिअर, एम३५, ३४० किलो, कव्हर ५०. पुण्याच्या सवयीनं २५ चे कव्हर ब्लॉक घेऊन गेलात तर तिथं बदलून मिळणार नाहीत.

दुसरं, थर्मामीटर. एक-दोन नाही, दहा-बारा थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या) वायर आणि एक लॉगर (आकडे नोंदवणारं यंत्र) घ्या, तापकीर गल्लीत फिरलात तर मिळतं, वायर जरा जाड आवरणाची बघा, खडीत चेपली जाते. वायर स्वस्त असते, ती काँक्रीटमधेच राहते, वाईट वाटून घ्यायचं नाही. ताडपत्र्या, दोर, जाड प्लास्टिक, गोणपाट हे बोहरी आळीतनं घाऊक घेतलं तर वर चढवायचा खर्च धरूनसुद्धा परवडतं, कारण तिकडं ऐन ऑक्टोबरात ताडपत्रीला सोन्याचा भाव येतो.

सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) घ्यायचं, ४३ किंवा ५३ ग्रेडचं. पीपीसीबद्दल (कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट) माझा राग नाही, आपल्याकडं मी तेच वापरतो, पण फ्लाय अ‍ॅशची ताकद उशिरा येते आणि थंडीत तर फारच उशिरा, आणि आपल्याला पहिल्या दोन दिवसांचीच तर घाई आहे. अ‍ॅक्सिलरेटर (सेटिंग लवकर आणणारं रसायन) क्लोराइड नसलेलाच घ्या, कॅल्शियम नायट्रेट किंवा फॉर्मेटवाला. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त आणि जोरदार असतं, साइटवर कोणीतरी जुनाजाणता ते सुचवतोच, किंवा सरळ मीठ टाका म्हणतो. सळई असलेल्या काँक्रीटमधे हे अजिबात नाही, गंज आतून खाऊन टाकतो आणि दिसतं दहा वर्षांनी. आणि अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे अँटीफ्रीझ नव्हे हे लक्षात असू द्या, तो सेटिंग लवकर आणतो एवढंच, पांघरूण घालावंच लागतं.

एअर एन्ट्रेनिंग अ‍ॅडमिक्श्चर हा पुण्याच्या इंजिनियरला अनोळखी प्रकार, कारण इथं कधी लागतच नाही. काँक्रीटमधे बारीक बारीक हवेचे बुडबुडे मुद्दाम धरून ठेवायचे, म्हणजे आतलं पाणी गोठून फुगलं तर त्याला सरकायला जागा मिळते. ओलाव्यात गोठणं-वितळणं होणार असेल आणि ग्रेड एम५० च्या खाली असेल तर ४५६ प्रमाणं २० मिमी खडीला एकूण हवा ५ टक्के, एक इकडंतिकडं, आणि ४० मिमीला ४ टक्के. हवा वाढली की ताकद घटते, म्हणून मिक्स डिझाइनमधेच ती धरून ट्रायल घ्यायची, साइटवर अंदाजानं बाटली ओतायची नाही. एअर मीटर सोबत न्या.

जमीन

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळे काँक्रीटच्या गरमपणाकडं बघतात आणि खालच्या जमिनीकडं कोणी बघत नाही.

आपला मुरूम आणि काळा दगड माणसाला लाडावून ठेवतो. तिकडच्या नदीकाठच्या मातीत गाळाचा भाग असतो, आणि गाळाची माती खालचं पाणी दिव्याच्या वातीसारखं वर ओढते, ते गोठून मातीत बर्फाच्या चकत्या तयार होतात, आणि जमीन वर उचलली जाते. नुसत्या मातीतल्या पाण्याच्या ९ टक्क्यांवर हे थांबत नाही, खालून पाणी येत राहिलं तर चकती जाड होत राहते. मग उन्हाळ्यात ती वितळते आणि तीच जमीन चिखल होऊन खचते. म्हणून पाया त्या गावात जमीन जितक्या खोलपर्यंत गोठते त्याच्या खाली न्यायचा. खोली किती ते गावागावाला वेगळं, सावलीची बाजू, पाणथळ जागा, बर्फ साठतो की वारा उडवून नेतो, यावर बदलतं. डिझाइनमधला आकडा घ्याच, पण गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की पाण्याचा नळ किती खोल पुरता, त्याच्यासारखी माहिती कुठं मिळत नाही.

खोदाई जमीन गोठायच्या आधी करून घ्या. पण पूर्ण तळापर्यंत नको, शेवटची १५०-२०० मिमी माती राहू द्या, ती खालच्या मातीचं पांघरूण होते. पीसीसीच्या (तळाच्या साध्या काँक्रीटच्या) दिवशीच ती काढायची आणि लगेच काम उरकायचं. खड्डा उघडा राहणारच असेल तर रात्री त्यात गवताचा पेंढा वीतभर पसरून वर ताडपत्री. खड्ड्यात पाणी साठू द्यायचं नाही, कडेनं चर काढून ठेवा. आणि तळाला जमलं तर स्वच्छ खडीचा थर द्या, त्यातनं पाणी वातीसारखं चढत नाही.

गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट टाकायचं नाही म्हणजे नाही. ती खालून ऊब शोषते, वरचं सेट होतं आणि खालचं कच्चं राहतं, आणि नंतर जमीन वितळली की फुटिंग बसतं. तपासायला लॅब लागत नाही, पहार घ्या आणि मारा. मऊ जमिनीत पहार रुतते, गोठलेल्या जमिनीवर ती खणकन वाजून परत येते, हाताला झिणझिण्या येतात. वरचे चार बोट मऊ आणि खाली टणक असंही असतं, दुपारच्या उन्हानं फसवलेलं, म्हणून दोन-चार ठिकाणी खोल मारून बघा. आम्ही गोठलेला खड्डा सोडवायला वर पाइपचा सांगाडा करून ताडपत्री टाकायचो आणि बाहेर ठेवलेल्या हीटरची गरम हवा डक्टनं आत सोडायचो, दीड-दोन दिवस जातात. नंतर जी माती वितळून लगद्यासारखी होते ती उकरून फेकायची आणि कोरडं मटेरियल भरून परत दाबायचं. तळाला थर्मामीटर खुपसून शून्याच्या वर दोन-तीन अंश दिसले की मगच पुढं.

भरावात पण हेच. गोठलेली ढेकळं भरून रोलर फिरवला तर डेन्सिटी तेव्हा बरी दिसते आणि जूनमधे तुमचा प्लिंथ खाली जातो. आणि पाया झाला की हिवाळ्यापूर्वी भराव पूर्ण करून ठेवा, उघड्या फुटिंगखालची जमीन हिवाळाभर गोठली तर नवीन फुटिंगसुद्धा उचलतं.

मिक्स गरम करायचा हिशोब

किती गरम पाहिजे? टाकताना, पातळ भागाला, म्हणजे ३०० मिमीच्या आतल्या स्लॅब-भिंतीला, निदान १३ अंश. ३०० ते ९०० मिमीला १० अंश. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या एसीआय ३०६ मधले हे आकडे आहेत आणि मी तेच पाळतो. जाड भाग स्वतःच्या उष्णतेनं गरम राहतो म्हणून त्याला कमी चालतं. उगाच २५-३० अंशाला नेऊन टाकू नका, जास्त पाणी लागतं, स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा, मिमीत मोजतात) पटकन जातो आणि नंतर गार होताना तडे जातात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाणी तापवणं, कारण पाणी उष्णता भरपूर धरतं, खडी-सिमेंट त्याच्या साधारण ०.२२ पट. हिशोब करून दाखवतो. एका घनमीटरला सिमेंट ३८० किलो ५ अंशाला, खडी-वाळू १८५० किलो ४ अंशाला, पाणी १६० लिटर ६० अंशाला. घन पदार्थांचं वजन गुणिले तापमान, ९३००, त्याला ०.२२ नी गुणलं की २०४६. पाण्याचे १६० गुणिले ६०, ९६००. बेरीज ११,६४६. खाली भागायला २२३० गुणिले ०.२२ अधिक १६०, साधारण ६५१. उत्तर जवळजवळ १८ अंश. हेच पाणी ५ अंशाचं वापरलं असतं तर साडेचार अंशाचं काँक्रीट निघालं असतं. म्हणजे नुसत्या पाण्यानं साडेतेरा अंश कमावले.

पण खडीत बर्फ असेल तर हे सगळं बिघडतं. एक किलो बर्फ नुसता वितळायला ८० किलोकॅलरी घेतो. खडी-वाळूत एक टक्का ओल धरली तर साडेअठरा किलो, ती गोठलेली असेल तर वितळण्यातच सव्वादोन अंश गेले, शिवाय तेवढं गरम पाणी कमी टाकावं लागतं म्हणून अजून दीड-पावणेदोन. चार अंशाचा खड्डा पडतो एका टक्क्यात. आणि वाळूचा गोठलेला गोळा मिक्सरमधे फुटला नाही तर तो तसाच बीममधे जातो. म्हणून ढिगांवर आधीच ताडपत्री टाका, खाली फळ्या किंवा सोलिंग करा, आणि फार थंडी असेल तर ढिगाखालून जाड पाइप टाकून त्यातनं गरम हवा सोडा. नुसता जाळ करून खडी भाजू नका, एक बाजू लाल आणि दुसरी बर्फ असं होतं.

क्रम चुकवू नका. आधी गरम पाणी आणि खडी-वाळू फिरवायची, मिश्रण कोमट झालं की सिमेंट. उकळतं पाणी थेट सिमेंटवर पडलं तर ते तिथंच आवळतं, गोळे होतात. मी पाणी ६५ च्या पुढं नेत नाही. अ‍ॅडमिक्श्चर सगळ्यात शेवटी.

ट्रान्झिट मिक्सरमधे नेताना काँक्रीट गार होतं, अंदाज असा की दर तासाला काँक्रीट आणि हवा यांच्यातल्या फरकाचा चौथा हिस्सा जातो. १८ अंशाचं काँक्रीट, बाहेर २ अंश, तासाला ४ अंश गेले. लडाखच्या रस्त्यावर एखादा फौजी ताफा आडवा आला की तासाचे दोन होतात, तेव्हा प्लँटवर तेवढं जास्त धरूनच निघायचं.

टाकायचा दिवस

हवामान निदान तीन-चार दिवसांचं बघा, फक्त त्या दिवसाचं नको, कारण खरी परीक्षा पुढच्या दोन-तीन रात्रींची असते. सुरुवात दहा-साडेदहाला, ऊन वर आल्यावर, आणि दुपारी तीनपर्यंत शेवटची गाडी रिकामी. संध्याकाळच्या आत पांघरूण पूर्ण झालं पाहिजे. अर्धा स्लॅब झाला आणि अंधार पडला ही वेळ येऊ देऊ नका, त्यापेक्षा एका वेळी थोडंच काँक्रीट टाका.

शटरमधे आणि सळईवर दव गोठून पांढरं बसलेलं असतं, ते गरम हवेनं घालवा. पोरं बादलीनं गरम पाणी ओततात, पाच मिनिटांत तेच पाणी तळाला बर्फ होऊन बसतं. शटर प्लायचं चांगलं, लाकूड ऊब धरतं, लोखंडी प्लेट थंडी आत आणते, प्लेटच वापरायच्या असतील तर बाहेरून थर्माकोल किंवा गोणपाट बांधा.

स्लंप १०० च्या आत ठेवायचा प्रयत्न करा. थंडीत सेटिंग लांबतं (दहा अंश उतरले की जवळजवळ दुप्पट वेळ), तोवर पाणी वर येत राहतं, आणि गवंडी घाईनं त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवून फिनिश मारतो, तो थर नंतर पापुद्र्यासारखा निघतो. गवंड्याला चहा द्या, थांबायला सांगा.

टाकायच्या आधी थर्मोकपल बांधून घ्या, मध्यात एक, आणि कोपऱ्यात, कडेला, तळाला. कोपरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो दोन-तीन बाजूंनी गार होतो. मधला थर्मामीटर २० दाखवत असतो आणि कोपरा ४ ला आलेला असतो. म्हणून कडांना आणि कोपऱ्यांना मधल्याच्या तिप्पट पांघरूण. वर आलेल्या कॉलमच्या सळया पण गुंडाळा, त्या चमच्यासारख्या आतली ऊब बाहेर आणतात.

पांघरूण म्हणजे आधी प्लास्टिक, म्हणजे ओल जात नाही, मग कोरडे गोणपाट किंवा पेंढा किंवा फोमच्या चादरी, आणि सगळ्यावर ताडपत्री, वारा अजिबात न शिरेल अशी दगडं-फळ्या ठेवून बांधलेली. गोणपाट ओला झाला की तो ऊब धरत नाही, उलट थंडी देतो, हे आपल्या सवयीच्या उलट आहे म्हणून मुकादमाला परत परत सांगावं लागतं.

फार थंडी असेल तर तंबू करून आत गरम हवा. इथं हात जोडून सांगतो. हीटरचा धूर तंबूत सोडायचा नाही, हीटर बाहेर आणि फक्त गरम हवा आत. धुरातला कार्बन डायऑक्साइड ताज्या स्लॅबच्या पृष्ठभागावर बसून तो थर मऊ करतो, नंतर कायम भुकटी निघत राहते. ते एक वेळ परवडलं, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रात्री उबेला म्हणून मजूर त्या तंबूत जाऊन झोपतात, कोळशाची शेगडी घेऊन झोपतात, आणि सकाळी उठत नाहीत. साइटवर कोणाला तंबूत झोपू देऊ नका, रात्री स्वतः टॉर्च घेऊन बघून या. माणसांच्या झोपायच्या खोलीत बुखारी (खोली तापवायची शेगडी) असेल तर तिची चिमणी तपासा. आणि पुण्याहून विमानानं लेहला, साडेतीन हजार मीटरवर उतरलेल्या माणसाला पहिले दोन दिवस कामाला लावायचं नाही, कितीही घाई असो.

पाणी मारायचं का?

पुण्यात स्लॅब झाला की दुसऱ्या दिवशी सिमेंटचे आळे करून पाणी भरतो. तिथं हवा गोठणारी असेल तर हे करायचं नाही, तुम्ही स्वतःच काँक्रीटला भिजवून गोठवताय. पण क्युरिंग (काँक्रीटची ओल टिकवणं) नको असा याचा अर्थ नाही. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिमी पाऊस, हवा कोरडी ठाक, वारा आणि ऊन कडक, ओल झपाट्यानं उडते. प्लास्टिक काढू नका, काढल्यावर क्युरिंग कंपाउंड मारा. हीटर चालू असेल तर अजूनच सुकतं, तेव्हा लक्ष ठेवा.

पांघरूण एकदम काढायचं नाही. आत २० आणि बाहेर उणे ५ असताना ताडपत्री ओढली की पृष्ठभाग आवळतो आणि तडे जातात. पातळ भाग २४ तासांत २८ अंशाहून जास्त गार होऊ द्यायचा नाही, ३०० ते ९०० मिमीचा २२ अंशाहून. मी आधी हीटर कमी करतो, मग दुपारी एक थर काढतो, दुसऱ्या दुपारी दुसरा. संध्याकाळी कधीच नाही.

शटर कधी खोलायचं

आयएस ४५६ मधला तक्ता सगळ्यांना पाठ आहे, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप ७ दिवस, त्यापुढं १४, बीमचे ६ मीटरपर्यंत १४, त्यापुढं २१. पण त्याच्या वरची ओळ कोणी वाचत नाही. हवा १५ अंशाच्या खाली जात नसेल, सिमेंट ओपीसी असेल आणि क्युरिंग नीट झालं असेल तरच ते दिवस. थंडीत तो तक्ता लागूच होत नाही. मूळ अट अशी आहे की शटर काढताना जो ताण येणार त्याच्या निदान दुप्पट ताकद काँक्रीटला आलेली असावी, आणि ती तुम्ही दाखवायची.

दाखवायची कशी? क्यूबचे दोन सेट भरा. एक नेहमीचा, लॅबमधे २७ अंशाच्या पाण्यात, तो मिक्स बरोबर होतं का ते सांगतो. दुसरा त्याच स्लॅबच्या कडेला, त्याच पांघरुणाखाली ठेवा, तो स्लॅब कुठवर आलाय ते सांगतो. लॅबचा क्यूब दाखवून शटर खोलणं म्हणजे घरात शेगडीजवळ बसलेल्याकडं बघून बाहेर उभा असलेला उबदार आहे म्हणण्यासारखं आहे. सोबत लॉगरचा मॅच्युरिटीचा आकडा. दोन्ही जुळले तर खोला. माझं यावरनं एका ठेकेदाराशी चांगलंच वाजलं होतं, त्याला पुढच्या स्लॅबला प्लेट पाहिजे होत्या आणि सात दिवस झाले होते. कडेचा क्यूब फोडला तर ठरलेल्या ताकदीच्या तिसरा हिस्सा पण नव्हता. तो गप्प झाला, आणि पुढच्या सीझनला जास्तीच्या प्लेट घेऊन आला.

आता पुण्यात बसून वाचणाऱ्यांसाठी. १९३५ च्या जानेवारीत पुण्याचा पारा १.७ अंशापर्यंत उतरला होता, तसं आता होत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या आसपास आपण दरवर्षी जातो. तो १५ अंशाचा नियम आठवा. आणि आपण बहुतेक पीपीसी वापरतो, जे त्या तक्त्यात मुळातच धरलेलं नाही. काँक्रीट गोठायची भीती इथं नाही, दुपारी ऊन पण मिळतं, पण हिवाळ्यातला स्लॅब मे महिन्यातल्या स्लॅबइतका सातव्या दिवशी तयार नसतो. दोन-चार क्यूब स्लॅबवरच ठेवा, फोडून बघा, मग प्रॉप काढा, आणि पाणी दहा दिवस मारा, पीपीसीला कोड तेवढेच सांगतो.

पुतण्यानं ते फुटिंग एक दिवस पुढं ढकललं, साडेदहाला सुरू केलं. परवा पहाटे तीनला त्यानं लॉगरचा फोटो पाठवला, मध्यात १९, वायव्येच्या कोपऱ्यात ८. मी लिहिलं, कोपऱ्यावर अजून दोन गोणपाट टाक, आणि टाकून झाले की फोटो पाठव. वीस मिनिटांनी आला.